जुन्या आवृत्तीची राखण

भीमाशंकराच्या अरण्यातून पश्चिमेस कोकणात कोसळणाऱ्या सह्याद्रीच्या कड्यांपासून किंचित सुटून, मुरबाड तालुक्यातील नारिवली गावाच्या माथ्यावर उभा असलेला सिद्धगड महाराष्ट्राच्या स्मरणात राहिला आहे तो मुख्यतः १९४३ सालच्या २ जानेवारीमुळे. त्या दिवशी माथेरानचे तरुण वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी गोमाजी पाटील या गडाच्या रानात इंग्रजी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यापूर्वीच्या काही महिन्यांत त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईच्या गिरण्यांना व कारखान्यांना वीज पुरविणाऱ्या वाहिन्यांचे लोखंडी मनोरे एकामागून एक जमीनदोस्त केले होते. आणि ज्या वाड्यापाड्यांच्या डोक्यावरून ही वीज रात्रंदिवस वाहत होती, तेथे त्या काळी दिवा रॉकेलचाच होता. शेजारच्या शहापूर तालुक्याची कथा निराळी नाही. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे, पुढे भातसाचे जाऊ लागले, आणि वैशाखात त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना आजही टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईस जावयाचे ते येथून प्रथम निघते आणि मुंबईकडून यावयाचे ते येथे सर्वांत शेवटी पोचते, हा या मुलुखाचा दीर्घकालीन अनुभव आहे. संगणकाच्या व मोबाईलच्या ऑपरेटिंग सिस्टिमची देखभाल किती वर्षे करावयाची, नव्या आवृत्तीस काय द्यावयाचे आणि जुनीस काय नाकारावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता दूरदेशीच्या कंपन्यांचा अंतर्गत कारभार वाटतो. परंतु उशिरा पोचणाऱ्या मुलुखात तो कसा उतरला याचा इतिहास पाहिला म्हणजे त्याचे खरे स्वरूप ध्यानात येते.

जुन्या आवृत्तीची राखण ही कल्पना या भागास नवी नव्हती. ज्या दप्तरावर येथील प्रत्येक कुणब्याचे, ठाकराचे व कातकऱ्याचे जमिनीशी असलेले नाते लिहिले गेले, त्या महसुली दप्तराची रचनाच मुळी या प्रश्नाचे उत्तर म्हणून झालेली आहे. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचे दप्तर सुरू झाले. अँडरसन नामक सनदी अधिकाऱ्याने महसुली हिशेबांचे जे मॅन्युअल सिद्ध केले, त्याने गावनमुन्यांस शिस्त लावली. आणि १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आल्यावर गावनमुना सात व गावनमुना बारा यांची जोडी 'सातबारा' या नावाने घरोघर पोचली. या व्यवस्थेत उताऱ्यावरील नोंद कोणासही परस्पर खोडता येत नाही. बदल प्रथम गावनमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, अनुक्रमांकासह लिहावयाचा, हितसंबंधी लोकांस नोटीस द्यावयाची, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत ठेवावयाची, मंडळ अधिकाऱ्याने ती नोंद प्रमाणित करावयाची, आणि मगच तिचा अंमल सातबारावर द्यावयाचा, असा हा क्रम आहे. कालांतराने उतारा नोंदींनी व कंसांनी इतका भरून जाई की तो वाचणेही दुष्कर होई. म्हणून दर दहा वर्षांनी त्याचे पुनर्लेखन करून चालू नोंदी तेवढ्या नव्या पानावर उतरवून घेण्याचा प्रघात पडला, आणि जुने पान तहसीलच्या अभिलेख कक्षात रुमालात बांधून ठेवले जाई.

या प्रघातातील शहाणपण नीट लक्षात घेतले पाहिजे. जुन्या पानावर यापुढे नवी नोंद होणार नाही हे त्यात निश्चित होते. परंतु जुन्या पानावर उभा असलेला माणूस नव्या पानावर येईपर्यंत ते पान मिटत नसे. नवी आवृत्ती कधी सुरू झाली यापेक्षा शेवटचा खातेदार तिच्यात कधी आला, यास या दप्तरात अधिक मोल होते. प्रत्यक्षात तलाठ्यांच्या हातून चुका झाल्या, आदिवासींची नावे गळाली, कुळांचे हक्क बुडाले, हे मी विसरत नाही. तथापि त्या चुका दप्तराच्या नियमाविरुद्ध झाल्या आणि म्हणूनच त्यांविरुद्ध दाद मागता आली.

संगणकाच्या जगात असा नियम फार उशिरा आला. ऑपरेटिंग सिस्टिम ही विकली जाणारी वस्तू झाल्यावर तिच्या कर्त्यांपुढे जो प्रश्न उभा राहिला तो खरोखरच कठीण आहे, आणि त्याकडे केवळ नफेखोरी म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. कोट्यवधी ओळींच्या या रचनेत दोष सापडत राहणारच. प्रत्येक दोषाची दुरुस्ती चालू आवृत्तीत करावयाची, नंतर तीच मागच्या आवृत्तीत बसवावयाची, जेथे आसपासची रचना निराळी असल्यामुळे ती जशीच्या तशी बसत नाही, आणि प्रत्येक ठिकाणी ती इतर काही मोडत नाही ना हे स्वतंत्रपणे तपासावयाचे, असे हे काम आहे. आवृत्त्या जितक्या अधिक तितका हा भार वाढत जातो, आणि जुन्या रचनेची माहिती असलेले कारागीर मात्र दरवर्षी कमी होत जातात. म्हणून जवळजवळ सर्वत्र एक उतरंड निर्माण झाली. चालू आवृत्तीस नव्या सोयी व सर्व दुरुस्त्या मिळतात, तिच्या मागचीस मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, आणि त्याहून जुनीस काहीच मिळत नाही.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००२ मध्ये ही उतरंड प्रथम जाहीर धोरणाच्या स्वरूपात मांडली, आणि २००४ मध्ये तिची मुदत किमान दहा वर्षांची केली, त्यांतील पाच वर्षे मुख्य देखभालीची व पाच विस्तारित देखभालीची. विंडोज ९८ ची देखभाल ११ जुलै २००६ रोजी संपली. २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आलेली विंडोज एक्सपी ही आवृत्ती महाराष्ट्रातील कचेऱ्या, बँका, शाळा आणि तालुक्याच्या ठिकाणची टायपिंगची दुकाने यांत अशी रुजली की अनेकांना संगणक म्हणजे एक्सपीच वाटे. तिची मुख्य देखभाल १४ एप्रिल २००९ रोजी संपली आणि विस्तारित देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी. येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ही सारी मुदत आवृत्तीच्या जन्मदिवसाशी बांधलेली होती. ते यंत्र ग्राहकाच्या टेबलावर कोणत्या वर्षी आले याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. मुंबईच्या एखाद्या पेढीने २००२ मध्ये एक्सपी घेतली तर तिला बारा वर्षांची राखण मिळाली. तालुक्याच्या ठिकाणी तेच यंत्र २०१० मध्ये पोचले असेल तर त्याच्या वाट्यास चार वर्षे उरली, आणि तीही विस्तारित देखभालीची, म्हणजे उतरंडीच्या खालच्या पायरीवरची.

त्या खालच्या पायरीवर काय मिळत नाही याचे एक उदाहरण आमच्याच प्रदेशात घडले. १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने रुपयाच्या नव्या चिन्हास मान्यता दिली. ते मुंबईच्या आयआयटीतील डी. उदय कुमार यांनी रेखाटले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत त्यास स्थान मिळाले, आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टा व विंडोज ७ या आवृत्त्यांसाठी ते चिन्ह उमटविणारी अपडेट दिली. एक्सपीस ती मिळाली नाही. चिन्ह ही सोय ठरली, सुरक्षा ठरली नाही, आणि एक्सपी त्या वेळी केवळ सुरक्षेची अधिकारी होती. देशाच्या चलनाची खूण पवईत जन्मली, आणि तेथून हाकेच्या अंतरावरील ठाणे जिल्ह्यात त्या वेळी एक्सपीवर चालणाऱ्या यंत्रांस ती दाखविण्याची तजवीज एक्सपीच्या कर्त्याने केली नाही. मराठीतील 'ॲ' या अक्षराचेही असेच आहे. त्यास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते एप्रिल २००८ मध्ये. त्याआधी घडविलेल्या फाँटांत ते असणे शक्यच नव्हते, आणि जुन्या यंत्रावर त्याच्या जागी रिकामी चौकट दिसे. इंग्रजी लिहिणाऱ्यास जुनी आवृत्ती म्हणजे मंद यंत्र एवढाच अर्थ होतो. देवनागरी लिहिणाऱ्यास कित्येकदा अक्षरच मिळत नाही.

२०१४ हे वर्ष या भागात दोन कारणांनी संक्रमणाचे ठरले. एप्रिलात एक्सपीची राखण संपली, आणि १ ऑगस्ट रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा नवा जिल्हा झाला. शहापूर व मुरबाड ठाण्याकडेच राहिले. त्याच काळात महसूल खात्याने हस्तलिखित दप्तरातून ई-फेरफार प्रणालीकडे प्रस्थान ठेवले होते. संगणकीय उतारा हस्तलिखिताशी जुळतो की नाही याची पडताळणी करण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झाले, तलाठ्यांनी एडिट आणि री-एडिट मॉड्युलमधून हजारो चुका दुरुस्त केल्या, आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. या सर्व खटाटोपात जुन्या दप्तराचा नियम पाळला गेला याचा मला मनापासून आदर वाटतो. नवी आवृत्ती प्रमाण मानण्यापूर्वी जुनीतील प्रत्येक नोंद चावडीवर मोठ्याने वाचली गेली. परंतु ज्या लॅपटॉपवर हे दप्तर चढविले गेले त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमला असा कोणताच नियम लागू नव्हता. दप्तर पिढ्यान्पिढ्यांसाठी होते, आणि त्याचा आधार एका परदेशी दिनदर्शिकेवर चालणारा होता.

मुदत संपल्यानंतर जे संकट येते त्याचे स्वरूप सामान्य माणसास सहसा समजावून सांगितले जात नाही. यंत्र बंद पडत नाही; ते पूर्वीसारखेच चालते, आणि म्हणूनच धोका दिसत नाही. नव्या आवृत्तीसाठी दुरुस्ती प्रसिद्ध झाली की जाणकार दुष्टास त्या दुरुस्तीवरूनच मूळ दोष कोठे होता हे कळते. जुनी आवृत्ती त्याच रचनेतून आलेली असल्यामुळे तोच दोष तिच्यातही असतो, आणि तेथे तो कायमचा उघडा राहतो. एकाच्या घराची डागडुजी शेजाऱ्याच्या भिंतीतील भगदाड चोरास दाखवून देते, असा हा विपरीत प्रकार आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने चालू आवृत्त्यांसाठी एका दोषाची दुरुस्ती दिली. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाच्या विषाणूने तोच दोष धरून जगभर हाहाकार उडविला, आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीने अपवाद म्हणून, तीन वर्षांपूर्वी राखण संपलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती विनामूल्य खुली केली. राखण सोडलेल्या आवृत्तीचीही दुरुस्ती करता येते, इच्छा असली की होते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

मात्र त्या प्रसंगातून निघणारा दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वॉनाक्रायला बळी पडलेल्या यंत्रांत बहुसंख्य एक्सपीची नव्हतीच. ती विंडोज ७ ची होती, जिची राखण १४ जानेवारी २०२० पर्यंत चालू होती आणि जिच्यासाठी दुरुस्ती दोन महिने आधीच तयार होती. ती फक्त यंत्रांपर्यंत पोचली नव्हती. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला उसळलेल्या नॉटपेट्याने इतर साधनांबरोबर तोच दोष वापरला, आणि आमच्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम हातांनी चालविण्याची पाळी आणली. म्हणजे राखणीची मुदत कागदावर असणे आणि राखण दारी पोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सिद्धगडाच्या वा शहापूरच्या माहुली गडाच्या कड्याआड, जेथे मोबाईलची रेंज टेकडीच्या एका बाजूस असते व दुसऱ्या बाजूस नसते, तेथे शेकडो मेगाबाइटांची अपडेट उतरवून घेणे हे किती दिवसांचे काम होते याचा विचार धोरण आखणाऱ्याच्या टेबलावर सहसा होत नाही. रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने एक्सपीवर चालणाऱ्या सर्व एटीएम यंत्रांची ऑपरेटिंग सिस्टिम जून २०१९ अखेर टप्प्याटप्प्याने बदलण्याचा हुकूम काढला, तेव्हा एक्सपीची राखण संपून चार वर्षे उलटली होती. ज्यांच्याकडे पैसा, माणसे व सक्ती तिन्ही होती त्यांची ही गती, मग इतरांची काय असणार?

शाळांची गोष्ट थोडक्यात सांगतो. शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा टॅबलेटवर शिकविणारी शाळा म्हणून राज्यभर नावाजली गेली, आणि २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर गावोगाव लोकवर्गणीतून संगणक, प्रोजेक्टर व टॅबलेट आले. लोकवर्गणीचा पैसा एकदाच जमतो. ज्या पाड्यावर माणसे भातकापणीनंतर मजुरीसाठी वीटभट्टीवर स्थलांतर करतात, तेथे दर तीन वर्षांनी नवे यंत्र घेण्याची अपेक्षा करणे हा विचारच चुकीचा आहे.

परंतु या प्रश्नावर उघडपणे, संघटितपणे आणि सरकारदरबारी बोलण्याचे धैर्य प्रथम दाखविले ते अंगणवाडी सेविकांनी. पोषण अभियानात २०१९ च्या सुमारास महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक सेविकांस सरकारने स्मार्टफोन दिले. वजन-उंचीची नोंद, आहाराचा हिशेब, गरोदर स्त्रियांची यादी, जे पूर्वी जाड वह्यांत लिहिले जाई, ते या फोनवर भरावयाचे ठरले. फोनची स्मरणशक्ती दोन जीबी होती. अँड्रॉइडची राखण ही मूळचीच लांब साखळी आहे. गुगल ऑगस्ट २०१५ पासून दर महिन्यास सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते, त्या चिपच्या कारखानदाराकडे जातात, तेथून फोन बनविणाऱ्याकडे, आणि त्याने आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी त्या बसविल्या तरच ग्राहकापर्यंत येतात. स्वस्त फोनांच्या बाबतीत ही साखळी बहुधा एक-दोन वर्षांतच तुटे. फोन खाली बसला तरी त्यावरचे ॲप मात्र पुढे चालत राहते. १ मार्च २०२१ पासून पूर्वीच्या सॉफ्टवेअरच्या जागी केंद्राचे पोषण ट्रॅकर आले. ते जुन्या फोनला पेलवेना, फोन तापू लागले, अडकू लागले, दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून सेविकांच्या माथी आला, वॉरंटीची मुदत संपली होती, आणि ॲप इंग्रजीत होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर मोबाईल वापसी आंदोलन झाले. जिल्ह्याजिल्ह्यांत सेविकांनी हे फोन बालविकास प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले, आणि वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. २० फेब्रुवारी २०२३ पासूनच्या संपातही नव्या मोबाईलची मागणी अग्रभागी होती. वर्तमानपत्रांनी याचे वर्णन मानधनाच्या लढ्याचे एक कलम असे केले. माझ्या मते त्याची योग्यता त्याहून फार मोठी आहे. सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी झाल्याचा भुर्दंड ती वापरणाऱ्याने का सोसावा, हा प्रश्न हजारो स्त्रियांनी एका वेळी, एका शब्दात आणि हातातली वस्तू टेबलावर ठेवून विचारल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. कुपोषणाने ग्रासलेल्या पट्ट्यात, जेथे वजनाचा एक आकडा वेळेवर चढला नाही तर एका मुलाचा आहार चुकू शकतो, तेथे हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. ज्या बाईने कातकरवाडीवर पायपीट करून वजनकाटा टांगला, तिला फोन अडकला म्हणून कामचुकार ठरविणे हा सरळ अन्याय होता.

पर्याय नव्हता असे म्हणता येत नाही. सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय भाषांची ऑपरेटिंग सिस्टिम काढली. ती डेबियन या मुक्त प्रणालीवर उभी आहे. डेबियनमध्ये नवी स्थिर आवृत्ती आल्यावर जुनीची राखण सुमारे वर्षभर मूळ चमू करतो, आणि नंतर दुसरा गट, ज्यांना तिची गरज आहे त्यांच्या पैशांवर, ती एकंदर पाच वर्षांपर्यंत नेतो. रचना खुली असल्यामुळे राखणीचा हक्क एका कर्त्याकडे अडकून पडत नाही. गरजवंतास तो आपल्या हाती घेता येतो. केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त प्रणाली नेली आणि शिक्षकांस तिच्यात तरबेज केले. महाराष्ट्राने बॉसला आपल्या तलाठ्याच्या व गुरुजींच्या टेबलावर खरी जागा दिली नाही, हे मला मोठे दुर्दैव वाटते. पुण्यात सी-डॅक १९८८ पासून असताना तर अधिकच.

अलीकडे मुदती लांबत आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने आपल्या पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने आपल्या एस २४ मालिकेला सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले. ते महागड्या फोनांपुरते आहे. युरोपीय संघाचा २० जून २०२५ पासून लागू झालेला नियम मला याहून मोलाचा वाटतो, कारण त्यात फोनच्या अपडेटच्या किमान पाच वर्षांची मोजणी मॉडेलच्या जन्मदिवसापासून होत नाही. त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्याच्या दिवसापासून ती सुरू होते. उशिरा घेणाऱ्याचाही हक्क धरणारा असा नियम या व्यवहारात मी प्रथमच पाहिला.

आपल्याकडे तोच नियम आणण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सरकार हा या देशातील सर्वांत मोठा ग्राहक आहे, आणि निविदेच्या शर्ती तोच लिहितो. अंगणवाडीच्या पुढच्या फोनांची, तलाठ्यांच्या पुढच्या लॅपटॉपांची खरेदी होईल तेव्हा तीत एवढी शर्त घालता येईल की, सुरक्षेच्या दुरुस्तीची मुदत शेवटच्या पाड्यावरील सेविकेने फोन ताब्यात घेतल्याच्या पोचपावतीपासून मोजली जावी, ती पाच वर्षांहून कमी नसावी, आणि ॲप बदलावयाचे झाल्यास ते दिलेल्या फोनवर मराठीत चालते हे आधी शहापूर-मुरबाडसारख्या एखाद्या तालुक्यात तपासून पाहावे. विंडोज १० ची राखण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. तिच्यावर चालणारी अनेक यंत्रे प्रोसेसर जुना असल्यामुळे पुढची आवृत्ती घेऊ शकत नाहीत. तेव्हा ही शर्त लिहिण्याचे काम पुढच्या खरेदीच्या आधी व्हावयास हवे.